घाटाच्या पायऱ्या आणि युनिकोडमधला जुना ‘र’

वाराणसीच्या गंगाकाठी नारद घाटाच्या शेजारी असलेला आणि आज राजा घाट या नावानेही ओळखला जाणारा अमृतराव घाट हा मराठ्यांच्या काशीतील वास्तव्याचा एक ठळक अवशेष आहे. अमृतराव हे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केल्यावर पुण्याचा कारभार काही काळ अमृतरावांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी आर्थर वेलस्लीशी करार करून त्यांनी सालिना सात लाख रुपयांची नेमणूक स्वीकारली आणि उरलेले आयुष्य बुंदेलखंडातील कर्वी आणि काशी येथे घालवले. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट आणि नागपूरकरांच्या दिवाणाने बांधलेला मुनशी घाट यांच्या ओळीत हा घाट बसतो, आणि या साऱ्या घाटांचे वर्णन मराठीत लिहू लागताच जो शब्द पहिल्या दोन-तीन वाक्यांत यावाच लागतो तो म्हणजे ‘पायऱ्या’.

कागदावर या शब्दाच्या लेखनात काहीही संदिग्ध नाही. संगणकाच्या स्मृतीत मात्र हाच शब्द, डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसत असूनही, किमान तीन वेगवेगळ्या संकेतमालिकांनी साठवलेला आढळतो. त्यांपैकी एक मालिका युनिकोड या जागतिक मानकाच्या जुन्या आवृत्तीतून आलेली आहे आणि ती आजही हजारो मराठी मजकुरांत जिवंत आहे. अमृतराव घाटाच्या पायऱ्यांविषयीची दोन टिपणे दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवर लिहिली गेली, तर एकातला शब्द शोधपेटीत घालून दुसरे टिपण सापडेलच असे नाही. ही स्थिती कोणा एकाच्या निष्काळजीपणातून आलेली नसून तिच्यामागे मराठी लेखनाचा, छपाईचा आणि संकेतीकरणाचा सुमारे दोन शतकांचा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय जुना मजकूर सॉफ्टवेअरमध्ये नीट हाताळता येत नाही.

अमृतरावांच्या हयातीत मराठीला दोन लिप्या होत्या. पेशव्यांच्या आणि सरदारांच्या दफ्तरांचा रोजचा व्यवहार, म्हणजे हिशेब, पत्रे, सनदा आणि निवाडे, मोडीत चाले, तर धर्मग्रंथ आणि काव्याच्या पोथ्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीच्या मराठी वळणात लिहिल्या जात. छपाईने हा तोल हळूहळू बाळबोधीकडे झुकवला. १८०५ मध्ये, अमृतराव नेमणूक घेऊन उत्तरेत स्थिरावत असतानाच, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापले गेले आणि १८१० मध्ये त्यांचा मराठी शब्दकोश मोडी खिळ्यांत निघाला. पण मुंबईत छपाईचा धंदा रुजल्यावर, आणि विशेषतः जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी नागरीला सुबक, टिकाऊ रूप दिल्यावर, मराठी छापील मजकूर म्हणजे बाळबोध हे समीकरण पक्के झाले.

या बाळबोधीत ‘र’ चे एक रूप असे आहे जे हिंदीला लागत नाही. संस्कृत आणि हिंदीत ‘र’ हा पुढच्या व्यंजनाला जोडला की रेषेवर चढतो आणि रफार होतो: सूर्य, कार्य, आचार्य. मराठीत रफाराच्या शेजारी आणखी एक अर्धा ‘र’ नांदतो, जो डोळ्याच्या पापणीसारखा वळून पुढच्या अक्षराला डावीकडून चिकटतो आणि मागच्या अक्षरावर आघात येत नसेल तेव्हा वापरला जातो. तो ‘य’ पूर्वी येतो आणि ‘ह’ पूर्वी येतो: पायऱ्या, नवऱ्याला, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाड, गाऱ्हाणे. हा केवळ वळणाचा लाड नाही, कारण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा; आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेली मजुरी यांतला फरक लेखनात केवळ या एका खुणेवर उभा असतो. जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराला, हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याच्या केसमध्ये रफाराचा खिळा वेगळा आणि हा अर्धा ‘र’ वेगळा होता, आणि जे रूप हस्तलिखितात दिसे तोच खिळा तो उचली. छापखाना दिसणारे रूप साठवत असे. त्या रूपामागे कोणते अक्षर आहे हे सांगण्याची त्याच्यावर वेळच येत नव्हती.

सर्व भारतीय भाषांना एकच प्रमाणित लेखनव्यवस्था असावी हा विचार संगणकाच्या कितीतरी आधी मांडला गेला, आणि त्याचे एक महत्त्वाचे व्यासपीठ काशीतच होते. १८९३ मध्ये तेथे स्थापन झालेल्या नागरी प्रचारिणी सभेने न्यायालयांत आणि शिक्षणात नागरीला स्थान मिळवून देण्यासाठी मोठे काम केले. डिसेंबर १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन काशीत भरले, तेव्हा नागरी प्रचारिणी सभेच्या परिषदेत लोकमान्य टिळकांनी भारतीय भाषांसाठी समान लिपी म्हणून देवनागरीचा पुरस्कार केला. टिळक हे स्वतः वृत्तपत्र चालवणारे आणि नागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटपट केलेले गृहस्थ असल्यामुळे, लिपीचा प्रश्न शेवटी यंत्रापाशी येऊन ठेपतो हे ते ओळखून होते. पुढे काशीच्याच एका मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हे ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार ठरले. मराठी आणि हिंदी या नागरीच्या दोन परंपरा काशीत इतक्या जवळ राहिल्या, तरी दोघींच्या गरजा सर्वस्वी सारख्या नव्हत्या, आणि ज्या मोजक्या जागी त्या वेगळ्या पडतात त्यांतली एक म्हणजे हा अर्धा ‘र’.

संगणकावर भारतीय लिप्या आणण्याच्या प्रयत्नांतून केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात इस्की हे मानक आकाराला आले. त्याची एक आवृत्ती १९८८ मध्ये निघाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारले. पुण्याच्या सी-डॅकमधील जिस्ट या गटाने ते प्रत्यक्ष वापरात आणले. इस्कीची मूळ कल्पना मोठी धाडसी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांतील समान वर्णांना एकच संकेत, म्हणजे एकच क्रमांक द्यायचा, आणि लिपी बदलली तरी क्रमांक तोच ठेवायचा, असा तिचा आधार होता. साहजिकच तमिळ आणि मलयाळममध्ये ‘र’ बरोबर जो दुसरा, कठोर ‘र’ आहे त्यालाही या समाईक तक्त्यात जागा द्यावी लागली, आणि देवनागरीत त्याचे रूप ‘र’ खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, देऊन ‘ऱ’ असे ठरले. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांत या पूर्ण अक्षराला फारसे काम नव्हते, पण त्याचे अर्धे रूप मोकळे होते. तेव्हा ‘ऱ’ ला हलन्त जोडला की मराठीचा पापणीसारखा ‘र’ उमटेल असा नियम इस्कीने केला. ही तडजोड विलक्षण उपयुक्त ठरली. इनस्क्रिप्ट या प्रमाणित कीबोर्डावर ‘र’ ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ येतो, त्यानंतर हलन्त आणि मग ‘य’, असे तीन टंकनांत ‘ऱ्य’ तयार होते.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या तक्त्यावरून, बहुतांशी त्याच क्रमाने, उचलला गेला आणि ‘ऱ’ हे अक्षरही ०९३१ या क्रमांकावर आले. मात्र हलन्ताचे वेगवेगळे वर्तन दाखवण्यासाठी युनिकोडने इस्कीपेक्षा निराळे साधन घेतले. जोडाक्षर पूर्ण न जुळवता अर्धे रूप दाखवायचे असेल तर हलन्तानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचा अदृश्य वर्ण घालायचा. त्याला स्वतःची रुंदी नसते, तो छापला जात नाही, पण अक्षरे जुळवणाऱ्या प्रणालीला तो सूचना देतो. हेच तत्त्व ‘र’ ला लावले तर ‘र’, हलन्त आणि जॉइनर या मालिकेतून ‘र’ चे अर्धे रूप यायला हवे, आणि ‘र’ चे अर्धे रूप म्हणजेच मराठीचा पापणीसारखा ‘र’. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडने हाच मार्ग सांगितला होता. नंतरच्या आवृत्त्यांत इस्कीशी मेळ राखणारा ‘ऱ’ चा मार्ग मुख्य नियम म्हणून आला, आणि जॉइनरचा मार्ग केवळ दुसऱ्या आवृत्तीतील मजकुराशी सुसंगती राखण्यासाठी म्हणून एका उपनियमात उरला. मानकाच्या शेकडो पानांत हा उपनियम एका वाक्याचा आहे, पण मराठीच्या पुष्कळशा डिजिटल लेखनाचे भवितव्य त्या वाक्याने ठरवले.

याचे कारण काळाच्या गणितात आहे. देवनागरीला थेट आधार देणारी विंडोज २००० ही प्रणाली २००० साली बाजारात आली, तिच्याबरोबर मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा टंक आला, आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. म्हणजे सामान्य मराठी माणूस युनिकोडमध्ये लिहू लागला तेव्हा नवा नियम कागदावर आला होता, पण इनस्क्रिप्ट शिकलेले लोक थोडे होते आणि उच्चारानुसार इंग्रजी कळांवर टंकन करणारे पुष्कळ. अशा टंकनसाधनांच्या रचनाकारांना ‘र’ वरून ‘ऱ’ कडे जाणे अनैसर्गिक वाटले असल्यास नवल नाही, कारण मराठी लिहिणाऱ्याच्या मनात पायरीतला ‘र’ आणि पायऱ्यांतला ‘र’ एकच असतो. त्यामुळे अनेक साधनांनी जॉइनरचा मार्ग पत्करला. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तकही दोन्ही मार्गांनी चालले, आणि एकाच लेखकाचा मजकूर दोन परिवर्तकांतून दोन रूपांत बाहेर पडू लागला.

‘पायऱ्या’ हा शब्द जवळून पाहिल्यास हे स्पष्ट होते. आजच्या मुख्य नियमाप्रमाणे त्यात सात संकेत आहेत: प, काना, य, ऱ, हलन्त, य आणि पुन्हा काना. जुन्या मार्गाने लिहिलेल्या ‘पायर्‍या’ त ऱ ऐवजी साधा र येतो आणि हलन्तानंतर अदृश्य जॉइनर, म्हणून एकूण आठ. तिसऱ्या प्रकारात ऱ हे एकसंध अक्षर न राहता र आणि नुक्ता असे फुटते आणि तेथेही आठ संकेत होतात. युटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या साठवण-पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, आणि जॉइनरही तीनच घेतो, तेव्हा पहिला शब्द एकवीस बाइटांचा आणि दुसरे दोन चोवीस बाइटांचे. पडद्यावर तिन्ही एक. बाइट ताडून पाहणाऱ्या संगणकाला तिन्ही वेगळे.

यांपैकी पहिला आणि तिसरा प्रकार यांचे भांडण युनिकोडने स्वतःच मिटवले आहे. एकच अक्षर एकसंध किंवा फोडून लिहिले तरी ते समान मानावे यासाठी प्रसामान्यीकरण, म्हणजे सर्व पर्यायी मालिका एका ठरावीक रूपात आणण्याची प्रक्रिया, मानकातच दिलेली आहे आणि तिच्यात ‘ऱ’ व ‘र अधिक नुक्ता’ एक ठरतात. काशीच्या दुसऱ्या भाषेला या तरतुदीचा पुरा लाभ मिळतो: हिंदीत घाटाच्या पायऱ्यांना सीढ़ियाँ म्हणतात, त्या शब्दातला ‘ढ़’ एकसंधही लिहिता येतो आणि ‘ढ’ ला नुक्ता देऊनही, पण प्रसामान्यीकरण करणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला ते दोन्ही एकच दिसतात. मराठीच्या जुन्या मार्गाला हा दर्जा नाही. जॉइनर असलेली मालिका आणि ‘ऱ’ असलेली मालिका यांना मानकाने कधीही समान ठरवले नाही, आणि एकदा जाहीर झालेले प्रसामान्यीकरण बदलायचे नाही हे युनिकोडचे धोरण असल्यामुळे ते पुढेही ठरवता येणार नाही. घाटाच्या एकाच दगडासाठी हिंदी लेखकाला जी सुरक्षितता आपसूक मिळते ती मराठी लेखकाला सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या जाणतेपणातून मिळवावी लागते, आणि ही उणीव लहान मानण्याचे कारण नाही.

जुना मार्ग रद्द करून टाकावा असे म्हणणेही शक्य नाही, आणि त्याचे कारण पुन्हा काशीतच दिसते. अमृतराव घाटापासून उत्तरेला ललिता घाटावर नेपाळी मंदिर आहे, आणि नेपाळी ही भाषाही देवनागरीत लिहिली जाते. नेपाळीत ‘त्याने केले’ या अर्थाच्या गर्‍यो यासारख्या भूतकाळी क्रियापदांत हाच पापणीसारखा ‘र’ येतो आणि तेथे तो जॉइनरनेच लिहिण्याची प्रथा रूढ आहे. मराठीच्या दृष्टीने जे जुने अवशेषरूप, ते नेपाळीच्या दृष्टीने चालते लेखन. म्हणून एखाद्या संग्रहातील सर्व देवनागरी मजकुरावर सरसकट बदल चालवणारे सॉफ्टवेअर मराठी सुधारताना नेपाळीची मोडतोड करते. मजकुराची भाषा ओळखून मगच हात लावायला हवा.

खरा धोका मात्र बदल करण्यात नाही, तो साफसफाईत आहे. जॉइनर दिसत नाही, त्याला अर्थ नाही अशी समजूत करून घेऊन कित्येक प्रणाली मजकूर साठवण्यापूर्वी सर्व अदृश्य वर्ण काढून टाकतात. इमोजी, जाहिरातींचा कचरा किंवा फसवी नावे रोखण्यासाठी केलेली ही झाडलोट इंग्रजीसारख्या मजकुराच्या बाबतीत बहुधा निरुपद्रवी असते. पण जॉइनर गेला की जुन्या मार्गाने लिहिलेल्या ‘पायर्‍या’ चे ‘पायर्या’ होते, ‘वर्‍हाड’ चे ‘वर्हाड’ होते, आणि दऱ्या व दर्या यांतला भेद कायमचा पुसला जातो, कारण उरलेल्या मालिकेवरून लेखकाला काय म्हणायचे होते हे कोणताही यांत्रिक नियम सांगू शकत नाही. कऱ्हाडे कुळांच्या वंशावळी पाहिल्या तर हे नुकसान किती जिव्हाळ्याचे आहे ते कळते. काशीत जन्मलेल्या मणिकर्णिका तांबे, म्हणजे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, यांच्या माहेरच्या समाजाचे नावच जर ‘कर्हाडे’ असे साठवले गेले, तर पुढच्या अभ्यासकाला ते नाव ओळखू येईल, पण साध्या शोधात सापडणार नाही.

म्हणून जुना मजकूर हाताळताना कामांचा क्रम निर्णायक ठरतो. मूळ फाइल जशी आली तशी वेगळी जपून ठेवावी. मराठी म्हणून ओळखलेल्या मजकुरात ‘र’, हलन्त आणि जॉइनर यांच्यापुढे ‘य’ किंवा ‘ह’ असेल तेथे ती मालिका ‘ऱ’ आणि हलन्त अशी करावी. मग प्रसामान्यीकरण करावे. आणि अदृश्य वर्ण काढायचेच असतील तर ते या सर्वानंतर काढावेत. क्रम उलटला तर पुढची कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही. शोधाच्या बाबतीत तर मजकूर बदलण्याचीही गरज नसते. युनिकोडच्याच अनुक्रमण-पद्धतीत, म्हणजे शब्द कोणत्या क्रमाने लावायचे हे ठरवणाऱ्या नियमांत, जॉइनर पूर्णतः दुर्लक्षिला जातो आणि नुक्त्याला दुसऱ्या पातळीचा भेद मानले जाते. त्यामुळे केवळ पहिल्या पातळीवर तुलना करणाऱ्या शोधाला पायऱ्यांची तिन्ही रूपे एकदम सापडतात. त्याची किंमत एवढीच की दऱ्या शोधणाऱ्याला दर्याही मिळतो. शब्दकोशासाठी हे चालणार नाही, पण ग्रंथालयाच्या सूचीसाठी थोडे जास्त सापडणे हे काहीच न सापडण्यापेक्षा केव्हाही बरे.

अर्ध्या ‘र’ सारखीच कथा ‘ॲ’ ची आहे, जरी ती थोडक्यात सांगता येते. इंग्रजीतून आलेल्या शब्दांच्या आरंभी मराठीला अ वर चंद्र असलेले अक्षर लागते, पण युनिकोडमध्ये आरंभी फक्त हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ होता. तेव्हा लेखकांनी अ पुढे चंद्राची मात्रा टंकली. काही प्रणाली स्वरापुढे मात्रा मान्य न करता मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दाखवत, म्हणून दोहोंमध्ये जॉइनर घुसवण्याची युक्ती निघाली. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ०९७२ या क्रमांकावर ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर आले, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे आणि वर्णलेखनाचे प्रमाणीकरण केले. तोवर जुन्या मालिकेत पुष्कळ लेखन झालेले होते आणि ते अजून तसेच आहे. त्यालाही मानकाने नव्या अक्षराशी समान ठरवलेले नाही.

जुन्या युनिकोडचा आणखी एक वारसा अमृतरावांच्या स्वतःच्या लिपीला नडतो. युनिकोडच्या संस्थापकांची आरंभीची समजूत अशी होती की जगातील चालू लेखनाला सोळा बिटांत मावणारे ६५,५३६ संकेत पुरतील, आणि त्या समजुतीवर यूसीएस-२ ही साठवण-पद्धत बेतलेली होती: प्रत्येक अक्षराला नेमके दोन बाइट. ती मर्यादा अपुरी ठरल्यावर १९९६ पासून युटीएफ-१६ ही पद्धत आली, जिच्यात मर्यादेपलीकडचे अक्षर दोन सोळा-बिटी अर्ध्यांच्या जोडीने लिहिले जाते. देवनागरी मर्यादेच्या आत असल्यामुळे मराठीला या बदलाची झळ फारशी लागली नाही, पण मोडी लिपी अंशुमान पांडेय यांच्या प्रस्तावानंतर जून २०१४ मध्ये ७.० या आवृत्तीत आली तेव्हा तिला ११६०० पासूनची, म्हणजे त्या मर्यादेपलीकडची जागा मिळाली. परिणामी जुन्या पद्धतीवर लिहिलेल्या सॉफ्टवेअरला मोडीचे प्रत्येक अक्षर दोन वाटते. खोडताना अक्षराचा अर्धाच भाग खोडला जातो, लांबी मोजताना ती दुप्पट भरते, आणि कापताना अक्षर मधोमध तुटते. युटीएफ-८ मध्ये मोडीच्या अक्षराला चार बाइट लागतात, तर मायएसक्यूएल या लोकप्रिय विदागारात युटीएफ-८ या नावाने दीर्घकाळ जे चालत होते ते तीन बाइटांपुढे जात नव्हते. २०१० मध्ये चार बाइटांचा वेगळा प्रकार उपलब्ध झाला, तरी जुन्या तक्त्यांत तीनचीच मर्यादा राहिली. अशा तक्त्यात बाळबोध मजकूर बिनबोभाट बसतो आणि त्याच दस्तऐवजाचे मोडी मूळ नाकारले जाते किंवा पहिल्या अक्षराशीच तुटते. पेशवेकालीन दफ्तरांची सूची करणाऱ्या कोणत्याही संस्थेने विदागार उभारण्यापूर्वी ही एक गोष्ट तपासली तर पुढचे बरेच श्रम वाचतील, कारण नुकसान झाल्यावर ते लक्षात येण्यासाठी मोडी वाचणारा माणूस हजर असावा लागतो, आणि असे वाचक आता फार थोडे आहेत.

जॉइनरची जुनी मालिका एका क्षेत्रात मात्र मुळातच टिकली नाही, आणि ते क्षेत्र म्हणजे संकेतस्थळांची नावे. २००३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नावातला जॉइनर गुपचूप गाळला जाई, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या लेखनाचे तेथे रफारच होत असे. २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतरच्या जॉइनरला सशर्त मान्यता दिली, पण सर्वांत वरच्या पातळीच्या नावांसाठी जो वर्णसंच ठरला त्यात तो घेतलेला नाही. त्यामुळे मराठीचा पापणीसारखा ‘र’ त्या पातळीवर लिहायचा झाल्यास इस्कीने तमिळ-मलयाळमच्या सोयीसाठी राखलेला आणि मराठीने आपलासा केलेला ‘ऱ’ हाच एक मार्ग उरतो. ‘र’ शेजारच्या त्या जादा जागेने १९८८ मध्ये दिलेला आधार तेथे अजून कामी येतो.